अभिप्राय वेगळा, सहभाग वेगळा

दवाखान्याच्या भिंतीवरची तक्रारपेटी सगळ्यांना ठाऊक आहे. आता घरी पोचल्यावर मोबाईलवरही विचारणा होते. केंद्र सरकारचं ‘मेरा अस्पताल’ २०१६ पासून हेच करतं. चांगलंच आहे, चालू राहावं. पण यालाच ‘रुग्णांचा सहभाग’ म्हटलेलं ऐकलं की मला राग येतो.

कागद की मोबाईल, नाव लिहिलं की नाही, हे फरक किरकोळ. पाहायचं ते एवढंच, की काय विचारायचं हे कोणी ठरवलं आणि ते कधी विचारलं.

गेल्या पावसाळ्यात मावशीला दवाखान्यातून सुट्टी मिळाली. सुट्टीच्या कागदावर गोळ्यांपुढे ‘१-०-१’, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. सिस्टर समजावून सांगत होत्या, मावशी मान हलवत होती. अभिप्रायाच्या फॉर्मवर तिने आमच्याकडून ‘उत्तम’वर खूण करून घेतली. बसस्टँडवर आल्यावर मात्र हातातलं पाकीट पुढे करून म्हणाली, ‘हाई गोयी कव्हय लेवानी?’ ही गोळी केव्हा घ्यायची?

ती खूण खोटी नव्हती. सिस्टर खरंच मायेने बोलल्या होत्या, आणि फॉर्मने वागणुकीबद्दलच विचारलं होतं. गोळी कळली का, हा रकानाच नव्हता. सहभाग म्हणजे तो सुट्टीचा कागद छापायला जाण्याआधी मावशीसारख्या चौघींना बोलावून समोर ठेवणं. मावशीने तिथल्या तिथे सांगितलं असतं: आकड्यांच्या जागी सूर्य-चंद्राची चित्रं काढा, अहिराणीत सांगा, आणि समजावताना सुनेला बसवा, घरात गोळ्या तीच देते. सुनेची गोष्ट कुठल्या फॉर्मवर उमटणार होती? ती आधी विचारलं तरच कळते. अभिप्राय येतो तेव्हा कागद छापून झालेले असतात.

खान्देशाला हे नवं नाही. २००७ मध्ये राज्यात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होतं. गावातल्या लोकांनी माहिती गोळा केली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे मांडली. जाब विचारायला ते उत्तमच. पण कागद कसा असावा हे ठरवायला जनसुनवाईपर्यंत थांबायची गरज नाही.

‘आमच्याकडे रुग्ण कल्याण समिती आहे ना,’ असं उत्तर दवाखान्याकडून हमखास मिळतं. ही सरकारी दवाखान्याचा कारभार आणि खर्च पाहणारी समिती. समिती असू द्या. तिच्या पुढच्या बैठकीत दुरुस्तीच्या खर्चाआधी सुट्टीचा कागद टेबलावर ठेवा, आणि त्या दिवशी वॉर्डात बसलेल्या एखाद्या सुनेला खुर्ची द्या.