घरांचे भाव वाढलेत की फुगलेत?

गृहकर्जाच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे चौकशीला येणारे बरेच जण खुर्चीत नीट टेकायच्या आत विचारतात, "हे भाव खरे आहेत का हो? की फुगा आहे, आणि नेमकं आम्ही घेतलं की फुटणार?" टेबलावर दहा मिनिटांत याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. घरी निवांत वाचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कर्ज मंजूर झालं तरच आम्हाला फी मिळते. तुम्ही घर घेतलंत तर आमचा फायदा आहे, थांबलात तर नाही. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात असू द्या.

फुगा म्हणजे नेमकं काय

भाव दुप्पट झाला म्हणजे फुगा झाला, असं नसतं. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९९० मध्ये केलेली व्याख्या अजूनही सगळ्यात कामाची वाटते. तिचा आशय असा: आजचा भाव चढा असण्याचं कारण केवळ 'उद्या तो आणखी चढेल' हा भरवसा असेल आणि बाकी कशाने त्या भावाचा खुलासा होत नसेल, तर तो फुगा. म्हणजे भाव किती आहे यापेक्षा तो कशावर उभा आहे, हे पाहायचं.

या विषयात मोठमोठ्या माणसांचंही एकमत नाही. २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांत रॉबर्ट शिलर होते आणि यूजीन फामाही होते. शिलर यांनी अमेरिकेतल्या घरबाजाराच्या फुग्याबद्दल आधीपासून इशारे दिले होते. फामा यांना 'फुगा' हा शब्दच मान्य नाही. फुटणार हे आधी खात्रीने सांगता येत नसेल तर त्या शब्दाला अर्थ काय, असा त्यांचा सवाल. एकाच वर्षी, एकाच व्यासपीठावर दोघांचा सत्कार झाला. तेव्हा 'शंभर टक्के फुगा आहे' किंवा 'फुगा-बिगा काही नाही' असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याचा धंदा काय आहे ते आधी विचारा.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी २००५ मध्ये देशभर फुगा नाही, काही ठिकाणी 'फेस' आला आहे, असं म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी तिथले भाव शिखरावर पोहोचले आणि तिथून २०१२ च्या सुरुवातीपर्यंत देशाच्या सरासरीत चौथ्या हिश्श्याहून जास्त उतरले. फेस आणि फुगा यांतला फरक इतक्या उंचावरून बघणाऱ्यालाही कळला नाही.

हप्त्याचं गणित, जे जाहिरातीत नसतं

आता आमच्या रोजच्या कामातली गोष्ट. बहुतेक लोक घराची किंमत बघून घर घेत नाहीत, हप्ता बघून घेतात. त्यामुळे हप्त्यात जे बसतं, तिथपर्यंत किंमत चढत जाते.

समजा, ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी तुम्हाला १०० एकक कर्ज मिळतं. पगार तोच, हप्ताही तोच ठेवला आणि व्याज ६ टक्क्यांवर आलं, तर त्याच हप्त्यात साधारण १२५ एकक कर्ज बसतं. त्यात मुदत २० ची ३० वर्षं केली, तर १५०. कोणाच्याही पगारात एक पैसा न वाढता खरेदीची ताकद दीडपट झाली. घरांची संख्या मात्र तेवढीच. मग भाव कुठे जाणार?

या वाढीला फुगा म्हणायचं का? आमच्या मते लगेच नाही. व्याज खरंच स्वस्त असेल तर घर महाग होणं हा हिशेबाचा भाग आहे. पण हा हिशेब उलटाही चालतो, आणि ते कोणी सांगत नाही. जपानमध्ये १९८९ मध्ये मध्यवर्ती बँकेचा दर अडीच टक्के होता, तो १९९० च्या ऑगस्टपर्यंत ६ टक्क्यांवर नेला गेला. त्याच वर्षी जमिनीसाठीच्या कर्जांवर सरकारने मर्यादाही घातली. तोवर तिथे मुलं-नातवंडं फेडत राहतील अशी पिढ्यानपिढ्यांची कर्जं निघाली होती. १९९१ नंतर मोठ्या शहरांतले जमिनीचे भाव दीड दशक उतरत राहिले आणि घरांच्या जागाही निम्म्याहून खाली आल्या.

म्हणून मुदत वाढवून, सुरुवातीची रक्कम कमी करून, कागदपत्रं ढिली करून जेव्हा तोच माणूस जास्त कर्जाला 'पात्र' ठरवला जातो, तेव्हा आमचे कान टवकारतात. अमेरिकेत २००८ च्या आधी उत्पन्नाचा पुरावा न बघता कर्जं दिली गेली होती. भाव वाढतच राहणार, मग फेडणारा कोण आहे याने काय फरक पडतो, असा तो तर्क होता.

भाडं खोटं बोलत नाही

आम्हाला एकच आकडा बघायची परवानगी दिली, तर आम्ही भाड्याचा मागू.

घर विकत घेणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी असतात: राहायला जागा, आणि पुढे किंमत वाढेल ही आशा. भाडेकरूच्या मनात दुसरी गोष्ट नसतेच. उद्या महाग होईल म्हणून आज कोणी जास्त भाडं भरत नाही. म्हणजे भाड्यात फक्त राहण्याची गरज दिसते, आणि किंमत उणे ती गरज केली की उरते ती आशा.

करून बघा. ज्या इमारतीत घर बघताय, तिथल्याच तशाच घराचं वर्षाचं भाडं काढा. त्यातून देखभाल आणि कर वजा करा. किमतीला त्याने भागा. उत्तर २० आलं तर घर २० वर्षांच्या भाड्याइतकं महाग आहे, ४० आलं तर ४०. अमुक आकड्याच्या वर फुगा, अशी रेषा नाही, कारण व्याजदर जागोजागी वेगळे असतात. बघायचं ते दिशेकडे. पाच-सात वर्षांपूर्वी तिथेच हा आकडा किती होता? किंमत आणि भाडं दोन्ही बरोबरीने चढले असतील तर घरं खरोखर कमी आहेत आणि लोकांना तिथे राहायचंय. भाडं जागच्या जागी आणि किंमत गगनाला, असं असेल तर तुम्ही भिंतींबरोबर बरीचशी आशाही विकत घेताय.

भाडं विचारताना मालकाला विचारू नका, भाडेकरूला विचारा. का, ते तुम्हाला माहीत आहेच.

"जमीन काही नव्याने तयार होत नाही"

हे वाक्य प्रत्येक विक्री कार्यालयात ऐकू येतं. खोटं नाही, पण त्याच्यावर जेवढा भार टाकला जातो तेवढा ते पेलत नाही.

हाँगकाँगइतकी जमिनीची टंचाई जगात फार थोड्या ठिकाणी असेल. तरीही १९९७ ते २००३ या सहा वर्षांत तिथले घरांचे भाव निम्म्याहून जास्त कोसळले. २००३ मध्ये एक लाखाहून अधिक कर्जदारांच्या घराची किंमत बाकी कर्जापेक्षा कमी होती. डोंगर तेच, समुद्र तोच. हलली होती ती लोकांची खात्री.

उलट बाजूने लास वेगास. चहूकडे वाळवंट, जागेला तोटा नाही, हवी तेवढी घरं बांधता येतात. तिथे तर फुगा यायलाच नको होता. पण आला, आणि २००६ नंतर भाव निम्म्याहूनही खाली गेले. आयर्लंडची गोष्टही तीच. जेमतेम ४२ लाख वस्तीच्या देशात २००६ च्या सुमारास वर्षाला ९० हजारांच्या आसपास घरं बांधून होत होती. इतकी घरं बाजारात येत असूनही भाव चढत होते, यावरूनच शंका यायला हवी होती. २०१० मध्ये सरकारने मोजणी केली तेव्हा २,८०० हून अधिक गृहवसाहती अर्धवट पडलेल्या सापडल्या.

टंचाईमुळे भाव वर राहतात हे खरं, पण तो तळ आहे, छत नव्हे. तळाच्या वर किती मजले आशेचे चढवले आहेत, ते वेगळं मोजावं लागतं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांच्या किमतींची १६२८ पासूनची नोंद उपलब्ध आहे. प्रा. पीट आइखहोल्त्झ यांनी तिचा निर्देशांक काढला. शहरातली उत्तम वस्ती, जागा मर्यादित. तरी महागाई वजा केल्यावर साडेतीन शतकांच्या हिशेबात भाव फक्त दुपटीच्या आसपास वाढलेला दिसतो, आणि मधल्या काळात तो कैकदा निम्म्यावर येऊन पुन्हा चढला.

बुडबुडा आणि फुगा

आपल्या भाषेत हे दोन शब्द आहेत आणि लोक ते एकमेकांच्या जागी वापरतात. बुडबुडा फट्कन फुटतो, मागे काही उरत नाही. फुगा मात्र फुटूही शकतो किंवा गाठ सैल होऊन रात्रभरात मऊही पडू शकतो. शेअर बाजारात बुडबुडे होतात. घरांच्या बाजारात बहुधा फुगाच असतो, आणि तो मऊ पडतो.

कारण सरळ आहे. तोट्यात विकायला कोणी तयार होत नाही. १९९० च्या दशकात बॉस्टनच्या मध्यवर्ती भागातल्या फ्लॅटविक्रीचा एक अभ्यास झाला होता. ज्यांनी चढ्या भावात घेतलं होतं ते मालक इतरांपेक्षा जास्त भाव सांगत, आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत. म्हणजे मंदी येते तेव्हा आधी व्यवहार थांबतात, भाव नंतर हलतात. 'रेट टिकून आहेत' असं एजंट सांगतो तेव्हा, गेल्या तीन महिन्यांत त्या रेटला किती खरेदीखतं झाली, एवढं विचारा. व्यवहारच होत नसतील तर तो भाव नाही, ती इच्छा आहे.

दुसरा मऊ प्रकार तर दिसतही नाही. भाव आठ वर्षं एकाच आकड्यावर उभा, आणि महागाई दरवर्षी ६ टक्के. आठ वर्षांनी त्या घराची खरी किंमत ३७ टक्क्यांनी उतरलेली असते. पेपरात बातमी येत नाही, कोणी रडत नाही, मालक 'नुकसान तर नाही झालं' म्हणत समाधानी असतो.

मग थांबावं का

थांबण्यातही जोखीम आहे, ही आमची फीसाठी केलेली वकिली समजू नका. ऑस्ट्रेलियातले अर्थशास्त्रज्ञ स्टीव्ह कीन यांनी २००८ च्या संकटानंतर तिथले भाव ४० टक्के पडतील, अशी पैज रोरी रॉबर्टसन या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाशी लावली. थोडी घसरण झाली आणि भाव पुन्हा वर गेले. पैजेप्रमाणे २०१० मध्ये कीन कॅनबेराहून माउंट कोसियुस्को या शिखरापर्यंत दोनशे किलोमीटरहून जास्त चालत गेले. त्यांचे मुद्दे चुकीचे होते असं आम्ही म्हणत नाही. कर्ज खरंच खूप झालं होतं. पण 'महाग आहे' आणि 'आता पडणार' यांच्यामध्ये कितीही वर्षं जाऊ शकतात, आणि तेवढी वर्षं भाडं तुम्हाला भरायचं असतं.

म्हणून आमच्याकडे आल्यावर बाजार पडेल का, यावर आम्ही फार वेळ घालवत नाही. पडला तर तुमचं काय होईल, यावर घालवतो. घर १००, तुमचे २० आणि कर्ज ८०. भाव पाव हिश्श्याने उतरला तर घर ७५ चं, आणि सुरुवातीची वर्षं असतील तर कर्ज जवळपास तेवढंच, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत मुद्दल फार थोडं फिटतं. तुमचे २० गेले, वर थोडं देणंच. तरीही तुम्ही राहताय, हप्ता झेपतोय, विकायची वेळ आलेली नाही, तर हे नुकसान कागदावर राहतं. ते प्रत्यक्षात उतरतं ते नोकरी गेली, बदली झाली, किंवा बदलत्या व्याजामुळे हप्ता हाताबाहेर गेला तेव्हा. आणि बाजार पडतो त्याच सुमारास नोकऱ्याही जातात, हा यातला खरा घोळ आहे.

राहण्यासाठी पहिलं घर, दहा वर्षं हलायचं नाही, आणि व्याज दोन-तीन टक्क्यांनी वाढलं तरी हप्ता निघतो, अशांना आम्ही फुग्याच्या चर्चेपायी थांबवत नाही. दुसरं-तिसरं घर, तेही ताबा मिळायच्या आत विकून टाकायच्या बेताने घेणाऱ्यांना मात्र आम्ही स्पष्ट नको म्हणतो. बांधकाम चालू असलेल्या घरात भावाच्या जोखमीवर बिल्डरची जोखीमही चढते. चीनमध्ये एव्हरग्रांडे ही बलाढ्य कंपनी २०२१ च्या अखेरीस देणी थकवून बसली, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात अर्धवट इमारतींच्या ग्राहकांनी कित्येक शहरांत 'काम नाही तर हप्ता नाही' असं जाहीर केलं. घर हातात नाही, हप्ता चालू, अशी त्यांची गत होती.

भेटीला येताना पगाराच्या कागदांबरोबर दोन आकडे लिहून आणा: त्याच इमारतीतल्या भाडेकरूने सांगितलेलं भाडं, आणि पगार थांबला तर साठवणीवर किती महिने हप्ता निघेल तो. व्याज तीन टक्क्यांनी वाढल्यावर होणारा हप्ता आम्ही समोर बसून काढून देतो. या पहिल्या भेटीची फी नाही, आणि हिशेब बघून तुम्ही घर घ्यायचं नाही ठरवलंत, तरी नाही.