ज्यू महिलांची राष्ट्रीय परिषद (अमेरिका)

अमेरिकेतील ज्यू स्त्रियांची राष्ट्रव्यापी स्वयंसेवी संघटना. स्थापना शिकागो येथे, सप्टेंबर १८९३. पहिल्या अध्यक्ष हॅना ग्रीनबॉम सॉलोमन (१८५८–१९४२). प्रधान कार्यालय सध्या वॉशिंग्टनला असून अनेक शहरांत शाखा आहेत. स्थलांतरितांचे प्रश्न, बालसंगोपन, नागरी हक्क, गर्भपात, संघीय न्यायाधीशांच्या नेमणुका अशा विषयांवर परिषद उघड भूमिका घेते व विधिमंडळांत पाठपुरावा करते. आधी काम हाती घ्यायचे, त्यातल्या अडचणी दिसल्या की कायदा मागायचा, असा क्रम तिच्या इतिहासात बहुतेक वेळा आढळतो.

शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला जोडून १८९३ मध्ये सर्वधर्म परिषद भरली. विवेकानंदांच्या भाषणामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेली ती हीच, मुंबईचे बी. बी. नागरकर तेथे ब्राह्मो समाजाच्या वतीने बोलले होते. तिच्यात ज्यू स्त्रियांना सहभागी करून घेण्याची जबाबदारी सॉलोमन यांच्यावर आली. त्या शिकागोच्या सुस्थितीतील जर्मन-ज्यू कुटुंबातल्या. शहरातील प्रतिष्ठित महिला क्लबात प्रवेश मिळालेल्या पहिल्या ज्यू सदस्यांत त्या आणि त्यांची बहीण होती. देशभरातल्या कर्त्या ज्यू स्त्रियांची यादी कोणाकडेच नव्हती, तेव्हा त्यांनी गावोगावच्या रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) हाताने पत्रे लिहून नावे मागवली. ज्यू पुरुषांच्या समितीबरोबर एकत्र कार्यक्रम करण्याचे घाटत होते. पण व्याख्यात्यांच्या यादीत एकाही बाईचे नाव नव्हते, पाहुण्यांची सरबराई तेवढी बायकांकडे ठेवलेली. सॉलोमन यांनी सहकार्य काढून घेतले आणि वेगळी ज्यू स्त्री परिषद भरवली. तिच्यात रे फ्रँक यांनी प्रार्थना सांगितली. सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनागृहात) बाईने प्रवचन करणे त्या काळी अपवादच, आणि फ्रँक यांनी ते आधीच केले होते. त्या परिषदेतच कायम संघटना उभारण्याचा ठराव झाला.

सुरुवातीचा हेतू धर्माभ्यासाचा होता. सभासद गटागटाने बायबल व ज्यू इतिहास वाचत. पण धर्म म्हटला की वाद आलाच. सॉलोमन ज्या सिनेगॉगच्या सदस्य होत्या तेथे मुख्य उपासना रविवारी होत असे. शनिवारचा शब्बाथ (ज्यूंचा साप्ताहिक पवित्र दिवस) न पाळणारी बाई ज्यू स्त्रियांची अध्यक्ष कशी, असा आक्षेप १८९६ च्या न्यूयॉर्क अधिवेशनात घेतला गेला. आपण आठवड्याचा प्रत्येक दिवस पवित्र मानतो, असे उत्तर त्यांनी दिले आणि त्या पुन्हा निवडून आल्या. सुधारणावादी आणि सनातनी सभासदांतली ही ओढाताण पुढेही चालू राहिली. समाजकार्यावर मात्र सगळ्यांचे जमे, आणि संघटना हळूहळू तिकडेच झुकली.

त्या कामातला सर्वांत मोठा भाग न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावरचा. येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी तिथे होई. पूर्व युरोपातून येणाऱ्या जहाजांत एकट्या ज्यू मुली मोठ्या संख्येने असत. धक्क्यावरच खोट्या नोकरीचे वा लग्नाचे आमिष दाखवून त्यांना वेश्याव्यवसायात ढकलणारे दलाल टपलेले असत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परिषदेने बेटावर यिद्दिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) बोलणाऱ्या कार्यकर्त्या नेमल्या. एकटी मुलगी उतरली की ती कोणाकडे जाणार, तो पत्ता खरा आहे का, घेऊन जायला आलेला माणूस नक्की कोण, हे त्या तपासत. मुलगी दुसऱ्या शहरी जाणार असेल तर तिथल्या शाखेला कळवले जाई आणि शाखेची बाई घरी जाऊन तिची खबर घेई. शाखांच्या जाळ्याचा खरा उपयोग इथे झाला. १९२० च्या दशकात स्थलांतराचे दरवाजे कायद्याने जवळजवळ बंद होऊ लागले, तेव्हा परिषदेने विरोध केला तो या अनुभवाच्या जोरावर. पुढे हिटलरच्या काळात जर्मनीतून ज्यू मुलांना आणण्याच्या खटपटीत तिच्या स्थलांतर विभागाच्या सेसिलिया रझोव्स्की आघाडीवर होत्या.

परिषद पहिल्यापासून पुरोगामी होती, असे तिचे समर्थक सांगतात. ते पुरते खरे नाही. स्त्रियांच्या मताधिकारावर तिने राष्ट्रीय पातळीवर बराच काळ भूमिकाच घेतली नाही. सभासदांत दोन्ही मतांच्या बायका होत्या आणि फूट नको होती. मताधिकार मिळाल्यावर १९२० मध्ये स्थापन झालेल्या महिला संघटनांच्या संयुक्त संसदीय समितीत मात्र ती सामील झाली आणि माता-बालकांच्या आरोग्यासाठीच्या १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्यासाठी झटली. समान हक्क घटनादुरुस्तीला त्या काळी तिचा विरोध होता, कारण कामगार स्त्रियांना मिळालेले संरक्षक कायदे त्यामुळे जातील अशी धास्ती होती. १९७० च्या दशकात तिने त्याच दुरुस्तीसाठी मोहीम चालवली.

१९६४ मध्ये कॅथलिक, प्रोटेस्टंट व कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांबरोबर परिषदेने एक संयुक्त संस्था काढली. गरीब घरांतल्या मुलींना सरकारी रोजगार-प्रशिक्षणासाठी निवडणे हे तिचे काम. नागरी हक्कांच्या लढ्याच्या दिवसांत चार वेगवेगळ्या गोतावळ्यांतल्या बायका एकाच टेबलाशी बसून अर्ज तपासत होत्या, ही गोष्ट तेव्हा साधी नव्हती.

पाळणाघरांची पाहणी हे परिषदेच्या पद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणता येईल. बालसंगोपनाची राष्ट्रीय योजना आणणारे विधेयक डिसेंबर १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरून अडवले. त्याच सुमारास अनेक शाखांच्या सभासद आपापल्या गावातली पाळणाघरे स्वतः जाऊन पाहत होत्या: मुले किती, सांभाळणारी माणसे किती, खेळायला काय आहे, स्वच्छता कशी. मेरी डब्लिन कायझरलिंग यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९७२ मध्ये निघाला. नफ्यासाठी चालणाऱ्या अनेक पाळणाघरांची अवस्था त्याने चव्हाट्यावर आणली. संशोधनाच्या काटेकोर निकषांवर ही पाहणी उतरेलच असे नाही. डोळ्यांनी पाहिलेले नोंदवले, हेच तिचे बळ. आईने घरीच लहान मुलाला शाळेसाठी तयार करावे म्हणून आखलेला ‘हिप्पी’ हा कार्यक्रमही परिषदेच्या जेरुसलेममधील संशोधन संस्थेत १९६९ मध्ये अविमा लोम्बार्ड यांनी सुरू केला. पुढे तो अमेरिकेत आणि इतर देशांत गेला.

अलीकडे परिषदेचे नाव सर्वाधिक ऐकू येते ते गर्भपाताच्या प्रश्नावर. या विषयात धर्म म्हणजे विरोध, असे अमेरिकेत गृहीत धरले जाते. परिषद धर्माचाच आधार घेऊन उलट बाजू मांडते. बायबलमधील ‘निर्गमन’ ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात भांडणात धक्का लागून बाईचा गर्भ पडला तर दंड सांगितला आहे, बाईच दगावली तर मात्र जिवाला जीव. मिश्ना या रब्बींच्या प्राचीन नियमसंग्रहातील ओहोलोत प्रकरण सांगते, की प्रसूतीत बाईच्या जिवावर बेतले तर गर्भ कापून काढावा, कारण तिचा जीव आधी. बाळाचा बहुतेक भाग बाहेर आल्यावर मात्र त्याला हात लावू नये. यावरून परिषदेचे म्हणणे असे: गर्भधारणेपासूनच पूर्ण माणूस मानणारा कायदा एका धर्माचे मत दुसऱ्यांवर लादतो. तोरातील (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतील) ‘निर्गमन’चा हा भाग सिनेगॉगमध्ये ज्या शब्बाथला वाचतात, त्याच सप्ताहअखेरीला ती दरवर्षी या विषयावर कार्यक्रम घेते. मे २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा संघीय हक्क रद्द करण्याच्या थोडे आधी, संसद भवनाजवळ ज्यू संघटनांची सभा भरली, तिच्या मुख्य आयोजकांत परिषद होती.

सगळे ज्यू याच्याशी सहमत नाहीत. सनातनी रब्बीही आईचा जीव आधी धरतात, पण प्रत्येक प्रसंगी रब्बीचा निर्णय लागतो, ही केवळ बाईच्या निवडीची बाब नाही, असे त्यांचे मत. अगुदाथ इस्राएल या सनातनी संघटनेने २०२२ च्या निकालाचे स्वागतच केले. इस्रायलबाबत परिषद त्या देशाची समर्थक आहे. मात्र विवाह व घटस्फोटावरील सनातनी रब्बीसंस्थेची मक्तेदारी तिला मान्य नाही.

परिषद मुद्द्यांवर बोलते, उमेदवारांना पाठिंबा देत नाही. करमुक्त धर्मादाय संस्थेला तशी मुभाच नाही. पैसा वर्गणी व देणग्यांतून येतो, आणि लॉस एंजेलिसच्या शाखेसारख्या काही ठिकाणी जुन्या कपड्यांच्या व सामानाच्या दुकानांतूनही.