एका संगणकाचे दोन पत्ते
कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात वीज जाऊन आल्यावर प्रिंटर सापडेनासा होतो. मदतीला आलेला मुलगा आधी संगणकावर ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ टाइप करतो आणि उमटलेल्या मजकुरातील दोनच ओळी पाहतो : बारा अंक-अक्षरांचा ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’, म्हणजेच मॅक पत्ता, आणि १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी पत्ता. हे दोन्ही एकाच पडद्यावर दिसतात, पण त्यांची घराणी वेगळी आहेत.

मॅक पत्ता इथरनेटमधून, म्हणजे जवळपासचे संगणक तारेने एकमेकांना जोडण्याच्या पद्धतीतून आला. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात इथरनेटची कल्पना मांडली. त्या प्रायोगिक जाळ्यात पत्ता अवघ्या ८ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक), म्हणजे फार तर २५६ क्रमांकांचा होता. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून मानक काढले तेव्हा तो ४८ बिटांचा झाला. त्यामागचा विचार मुंबईच्या आयआयटीत शिकलेले योगेन दलाल आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ मध्ये सविस्तर मांडला : यंत्र कोणत्याही तारेला जोडले तरी त्याचा क्रमांक जगात एकमेव असावा. म्हणून पहिले २४ बिट निर्मात्याची ओळख सांगतात आणि उरलेले २४ निर्माता स्वतः वाटतो. ओतकामावर फाउंड्रीची खूण आणि हीट नंबर असतो, तसाच हा प्रकार. मात्र हीट नंबर एका वितळवणीतील साऱ्या नगांना एकच असतो, येथे तो नगागणिक वेगळा.

आयपी पत्त्याला यंत्र कोणी बनवले याच्याशी कर्तव्य नाही. ते कोणत्या जाळ्यात बसले आहे, एवढेच तो सांगतो. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या सप्टेंबर १९८१ च्या दस्तऐवजाने तो ३२ बिटांचा ठरवला, म्हणजे सुमारे ४२९ कोटी क्रमांक. त्या काळी हे अमाप वाटले असणार; पण ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून संपले. दरम्यान १९९६ मध्ये खासगी वापराचे, म्हणजे फक्त आपापल्या जाळ्याच्या आत चालणारे पत्ते निश्चित झाले होते, त्यामुळे राजारामपुरीतील घरात आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यात एकच १९२.१६८.१.५ सुखाने नांदतो.

दोन्ही घराण्यांची सोयरीक नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी एआरपी या पद्धतीने जुळवली. संगणक साऱ्या जाळ्यात हाळी देतो, ‘हा आयपी कोणाचा?’, आणि ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता कळवतो. पुढे १९९३ मध्ये डीएचसीपी ही पत्ते वाटण्याची पद्धत आली आणि आयपी पत्ता आपोआप, ठरावीक मुदतीपुरता मिळू लागला. प्रिंटर हरवण्याचे कारण बहुधा येथेच असते : वीज आल्यावर राउटर त्याला नवा क्रमांक देतो आणि संगणक जुन्याच क्रमांकावर कागद पाठवत राहतो. मुलगा राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी राखून ठेवतो आणि काम भागते.

मोबाइलच्या बाबतीत मात्र ही युक्ती हल्ली फसू शकते. पाळत टाळण्यासाठी अँड्रॉइड १० पासून आणि पुढे आयओएस १४ पासून फोन वायफायवर मूळ मॅक पत्ता झाकून बनावट पत्ता सांगू लागले. तो ओळखणे अवघड नाही : डावीकडून दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता निर्मात्याने दिलेला नाही.