गैरवर्तन आणि बेकारी भत्ता (अमेरिका)

कामाच्या संदर्भात गैरवर्तन केल्यामुळे नोकरी गेली असे ठरले, तर अमेरिकेत बेकारी भत्ता नाकारला जातो. नोकरी जाणे आणि भत्ता जाणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक ठिकाणी मालक ठोस कारण न देताही कामावरून काढू शकतो. भत्ता अडवायचा तर गैरवर्तन सिद्ध करावे लागते, आणि ती जबाबदारी साधारणपणे मालकाची असते.

देशातला पहिला बेकारी विमा कायदा विस्कॉन्सिन राज्याने १९३२ मध्ये केला. गैरवर्तनाची सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्याही तिथलीच. ‘बॉयन्टन कॅब कंपनी विरुद्ध न्यूबेक’ (१९४१) या टॅक्सीचालकाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हेतूवर भर दिला. मालकाच्या हिताची जाणूनबुजून केलेली पायमल्ली किंवा तितकीच गंभीर किंवा वारंवारची हलगर्जी म्हणजे गैरवर्तन. काम न जमणे, एखाद्या वेळची नजरचूक, प्रामाणिकपणे घेतलेला पण फसलेला निर्णय हे त्यात येत नाही. कामगाराच्या बाजूने ही रेषा फार मोलाची आहे, कारण हात संथ चालतो म्हणून काढलेला माणूस आणि गल्ल्यातले पैसे उचलणारा माणूस तिच्यामुळे एका पंक्तीत बसत नाहीत.

वाद पेटतो तो पैशामुळे. जुन्या नोकरांनी जितका भत्ता उचलला, तितका मालकाच्या बेकारी कराचा, म्हणजे या भत्त्यासाठी तो भरतो त्या कराचा, दर वाढू शकतो. त्यामुळे अर्जाला हरकत घेण्यात त्याचा थेट फायदा असतो. अर्ज फेटाळला गेला तर अपील करता येते, पण मुदत थोडी असते. सुनावणीत लेखी ताकीद आणि हजेरीच्या नोंदी वजनदार ठरतात. नकाराची मुदत राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात पुन्हा काम करून साप्ताहिक भत्त्याच्या किमान पाचपट कमाई केल्यावरच ही अपात्रता उठते.

या विषयातला सर्वांत गाजलेला खटला ऑरेगन राज्यातला. आल्फ्रेड स्मिथ आणि गॅलन ब्लॅक हे व्यसनमुक्ती संस्थेतले समुपदेशक. नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या धार्मिक विधीत त्यांनी पेयोटी हे नशा आणणारे निवडुंग सेवन केले, म्हणून त्यांना काढले गेले आणि गैरवर्तनाच्या कारणाने भत्ताही नाकारला गेला. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला. श्रद्धेने केलेल्या विधीला चोरीमारीच्या रांगेत बसवणारा हा निकाल अनेकांना सलला. १९९३ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) धार्मिक स्वातंत्र्याचा नवा कायदा केला, आणि १९९४ मध्ये दुसऱ्या एका कायद्यातल्या दुरुस्तीने आदिवासींच्या पारंपरिक विधींतील पेयोटीला देशभर संरक्षण मिळाले.

भारतात कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना (२०१८) याच तत्त्वावर चालते. काम गेलेल्या विमाधारकाला जास्तीत जास्त ९० दिवसांची मदत मिळते; मात्र गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काम गेले असेल तर मिळत नाही. त्यामुळे पुण्या-ठाण्याच्या कारखान्यातल्या कामगारासाठीही चौकशी अहवालात ‘गैरवर्तन’ हा शब्द येतो की नाही, याला मोठे महत्त्व आहे.