जठराच्या कॅन्सरमधला ट्युमर आणि त्याच्या आजूबाजूचे टिश्यू

जठराच्या कॅन्सरची गाठ म्हणजे नुसता बिघडलेल्या पेशींचा गोळा नसतो. त्यात फायब्रोब्लास्ट (टिश्यूला आधार देणारे तंतू बनवणाऱ्या पेशी) असतात, रक्तवाहिन्या असतात, मॅक्रोफेज आणि टी सेल या इम्यून पेशी असतात, आणि या सगळ्याला मिळून ट्युमर मायक्रोएन्व्हायर्नमेंट म्हणतात. कॅन्सर कसा वाढणार हे बरंचसं या मंडळींवरही ठरतं.

सुरुवात कॅन्सरच्या कितीतरी आधी होते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा बॅक्टेरिया, ज्याला डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने १९९४ मध्येच कॅन्सरकारक ठरवलं, तो अस्तरात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, सूज काही उतरत नाही, मग ॲसिड बनवणाऱ्या ग्रंथी कमी होत जातात आणि काहींच्या अस्तरात चक्क आतड्यासारख्या पेशी दिसायला लागतात. अर्थात हा बॅक्टेरिया असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही.

एकदा ट्युमर झाला की त्याच्या पेशी टीजीएफ-बीटासारखे सिग्नल सोडतात, त्याने शेजारचे साधे फायब्रोब्लास्ट बदलतात आणि मग तेच उलट ट्युमरला एचजीएफ, आयएल-६ अशा वाढीला मदत करणाऱ्या प्रोटीनचं खतपाणी घालतात, वर कोलॅजन हे तंतूंचं प्रोटीनही साचवत जातात. याचं टोक म्हणजे लायनायटिस प्लास्टिका. यात कॅन्सरच्या पेशी एकेकट्या सुटून भिंतीत विखुरतात, भोवती तंतूंचा थर जमतो, जठर जाड आणि कडक होतं, एंडोस्कोपीत हवा भरली तरी नीट फुगत नाही. आणि रोग अस्तराच्या खाली असल्यामुळे वरवरची बायोप्सी कधीकधी निगेटिव्ह येते, म्हणून नुसत्या त्या रिपोर्टवर निश्चिंत होणं बरं नाही.

इम्यून सेलचंही तसंच, म्हणजे गाठीत त्या असतात पण कामाच्या असतातच असं नाही. मॅक्रोफेज बऱ्याचदा ट्युमरच्याच बाजूने वळतात आणि पीडी-एल१ या पेशींवरच्या प्रोटीनमुळे टी सेल थंड पडतात. निव्होलुमॅबसारखी औषधं हाच ब्रेक काढतात, एमएसआय-हाय, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करायची यंत्रणा बिघडलेल्या ट्युमरमध्ये ती जास्त चालतात. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या सिग्नलचा रिसेप्टर (तो सिग्नल घेणारं पेशीवरचं प्रोटीन) अडवायला रामुसिरुमॅब हे औषध आहे.

मग फायब्रोब्लास्टच मारून टाका की, असं कुणालाही वाटेल. पण स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरच्या उंदरांच्या प्रयोगांत ते कमी केल्यावर कॅन्सर उलट जास्त आक्रमक झाला, म्हणजे त्यातले काही ट्युमरला आवरूनही धरत असावेत, त्यामुळे आता सरसकट मारण्यापेक्षा त्यांचे सिग्नल तोडण्यावर किंवा त्यांना परत शांत करण्यावर बरंच काम चाललंय.