स्लॅबसाठी क्रश सँड घेताय? आधी हे वाचा

नदीची वाळू मिळत नाही म्हणून नाइलाजाने क्रश सँड, म्हणजे दगड फोडून बनवलेली वाळू, घ्यायची, असं अनेक ग्राहकांना वाटतं. आम्हाला ते पटत नाही. चांगल्या क्रश सँडचा स्लॅब नदीच्या वाळूच्या स्लॅबइतकाच मजबूत होतो, आणि भारतीय मानक आयएस ३८३ ला ती मान्य आहे. खाडीच्या रेतीतलं मीठ मात्र शिगा गंजवतं. ती न धुता कधीच वापरू नका.

खरा घोळ होतो तो डस्टमुळे. खडी फोडताना क्रशरखाली जी बारीक कच पडते, ती डस्ट. तिचे कण चपटे आणि भुकटी बेसुमार. क्रश सँडही त्याच काळ्या दगडाची, पण व्हीएसआय मशीनमध्ये दगडावर दगड आपटून तिचे कण घडवतात आणि जादा भुकटी काढून टाकतात. दोन्ही दिसायला करड्या, त्यात डस्ट स्वस्त. म्हणून गाडी रिकामी करण्याआधी माल हातात घेऊन बघा आणि चाळणी चाचणीचा रिपोर्ट मागा. आमच्याकडेही मागा, तो तुमचा हक्क आहे.

ग्लासात पाणी घालून गाळ पाहायची जुनी रीत इथे जशीच्या तशी लावू नका. नदीच्या वाळूतला गाळ मातीचा असतो, तो सिमेंटची पकड घालवतो. क्रश सँडमध्ये ती बहुतेक दगडाचीच पूड असते. म्हणूनच ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची मर्यादा नदीच्या वाळूला ३ टक्के, तर क्रश सँडला १५ टक्के आहे.

आता पाणी. क्रश सँडचे कण कोनदार असल्याने कालवलेला माल घट्ट वाटतो आणि मिक्सरमध्ये पाइप सोडायचा मोह होतो. मजबुती तिथेच जाते! एम २० या मजबुतीच्या काँक्रीटच्या नेहमीच्या १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही त्यातच धरायचं. माल सैल हवा असेल तर इंजिनिअरला विचारून काँक्रीट सैल करणारं रसायन, म्हणजे अ‍ॅडमिक्स्चर घाला.

कॉपर स्लॅग (तांबं गाळताना उरणारी मळी) किंवा पाडकामाच्या काँक्रीटचा चुराही मानकात बसतो. आरसीसीत वाळूच्या जागी स्लॅग ३५ टक्क्यांपर्यंत, चुरा २० टक्क्यांपर्यंत आणि तोही फक्त एम २५ पर्यंत. घराच्या स्लॅबसाठी आम्ही हे सुचवत नाही.

प्लास्टरची सँड वेगळी, जास्त बारीक चाळलेली असते. ऑर्डर देताना काम स्लॅबचं की प्लास्टरचं, ते आवर्जून सांगा.