माळ, वन आणि पडीक : सोलापूरच्या रानातील लोकसहभागाची पार्श्वभूमी

देशातील वनांचे जे वर्गीकरण १९६८ पासून प्रमाण मानले जाते, त्यात सोलापूर जिल्ह्यातील वने उष्णकटिबंधीय काटेरी वनांच्या प्रकारात बसतात. हिवर, बोर, बाभूळ, हेकळ यांची विरळ झुडपे आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत पवन्या, मारवेल, कुसळी हे गवत, असे हे वन. गावात त्याला कोणी वन म्हणत नाही. ते माळ असते, कुरण असते किंवा नुसते रान असते. आणि रान हा शब्द तर आमच्याकडे शेतालाही लावतात, ‘रानात गेलाय’ म्हणजे माणूस शेतावर गेला आहे. वनसंरक्षणात आणि वनाच्या कारभारात गावाला वाटा असावा, अशी चर्चा जिल्ह्यात जेव्हा जेव्हा निघते, तेव्हा ती या शब्दांपाशी येऊन अडते. ती का अडते हे पाहायचे तर १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर करण्याच्या निर्णयाकडे परत जावे लागते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन, म्हणजे गावाकडे सोपवलेले वन, असे तीन प्रकार केले. १९२७ च्या कायद्यातही कलम २८ खाली ग्रामवनाची तरतूद कायम राहिली, परंतु ती बहुतांशी कागदावरच होती. सोलापूरच्या पठारावर सागवान नव्हते, त्यामुळे इमारती लाकडावर नजर असलेल्या वनखात्याला इथल्या माळाचे फारसे मोल वाटले नाही आणि पुष्कळसा माळ महसूल खात्याकडे गायरान किंवा मुलकी पड म्हणून राहिला. १९३० साली पुसद, बिळाशी, चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोलापुरात लोकांनी शिंदीची झाडे तोडली आणि त्यावरून गोळीबार झाला. तो लढा अबकारीविरुद्धचा असला, तरी गावच्या शिवारात उभे असलेले झाड सरकारचे कसे, हा प्रश्न त्यातही होताच. माळ ज्यांना सर्वाधिक ठाऊक होता त्या फासेपारध्यांना याच काळात गुन्हेगार जमाती कायद्याने जखडून टाकले होते आणि सोलापुरातल्या तारेच्या कुंपणाच्या सेटलमेंटमध्ये अशा जमातींची कुटुंबे डांबलेली होती. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. त्याच साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय वननीतीने, एखादे गाव जंगलालगत वसले आहे एवढ्या योगायोगावरून साऱ्या देशाच्या हक्काला बाध येऊ नये, अशी भूमिका घेतली. गावाचा हक्क योगायोगात जमा करणारी ही दृष्टी पुढची छत्तीस वर्षे टिकली.

१९७२ च्या दुष्काळानंतर चित्र बदलले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून माळाचे काही तुकडे चाऱ्यासाठी राखण्यात आले, त्यांवर चराईबंदी झाली आणि नान्नजच्या परिसरात गवत पुन्हा उभे राहिले. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या या गावाभोवती, मार्डी, कारंबा, अकोलेकाटीच्या शिवारांत माळढोक दिसतो, हे शहरातील पक्षीनिरीक्षकांनी याच दशकात नेटाने सरकारच्या नजरेस आणून दिले. त्या काळी ना वाहनांची सोय होती ना कोणाचे अनुदान. त्यांनी हे काम केले नसते तर सोलापूरच्या माळाची दखल कोणी घेतली असती असे मला वाटत नाही. माळढोक वर्षाकाठी सहसा एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर, आणि दूरवर नजर पोहोचेल अशी मोकळी जागा त्याला लागते. तो गवतात राहतो तसा ज्वारी, करडई, हुलग्याच्या रानांतूनही फिरतो. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याचे शेत हा त्याच्या घराचाच भाग आहे.

१९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले तेव्हा हाच विचार करून त्याचे क्षेत्र ठरवले गेले. ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. सोलापूर जिल्ह्याचे एकूण क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर आहे, आणि अभयारण्यात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचा भागही होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचा आवाका कळतो. त्यात शेकडो गावे, गावठाणे, विहिरी, रस्ते आणि मुख्यतः खासगी मालकीची शेतजमीन होती. प्रत्यक्ष वनखात्याच्या ताब्यातली जमीन त्यात ठिगळांसारखी विखुरलेली होती. पक्ष्याच्या दृष्टीने पाहिले तर ही आखणी चुकीची म्हणता येत नाही, कारण काही शे हेक्टरच्या कुंपणात माळढोक राहत नाही. चूक झाली ती वेगळ्या ठिकाणी. ज्या शेतकऱ्याच्या रानात हा पक्षी चरतो, त्याला या आखणीत भागीदार म्हणून कुठेच जागा नव्हती.

येथे कायद्याचा एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो, कारण पुढचा सगळा गुंता त्यातूनच वाढला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे मूळ रूप असे होते, की कलम १८ खाली अभयारण्य आधी जाहीर होई आणि लोकांच्या हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी मागाहून करायची असे. आधी केवळ इरादा जाहीर करायचा, मग चौकशी आणि त्यानंतर अंतिम घोषणा, हा क्रम १९९१ च्या दुरुस्तीने आला. माळढोक अभयारण्य जुन्या क्रमातले. शिवाय कलम २० असे सांगते, की अधिसूचना निघाल्यावर त्या क्षेत्रातील जमिनीत वारसाहक्काखेरीज अन्य मार्गाने नवा हक्क निर्माण होत नाही. नर्मदेकाठच्या किंवा मेळघाटच्या दाट वनात या कलमाचा अर्थ एक होतो. आठवडी बाजार भरणाऱ्या, मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकणाऱ्या, विहिरीवर कर्ज काढणाऱ्या गावांत त्याचा अर्थ फारच निराळा होतो. बरीच वर्षे हे कलम कोणी कसोशीने लावले नाही, म्हणून ओरडही झाली नाही. पुढे वनविषयक खटल्यांत न्यायालयांचे लक्ष वाढले, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हक्कांच्या चौकशा ठराविक मुदतीत पूर्ण करण्यास राज्यांना सांगितले, आणि तेव्हा अनेक गावांना आपण अभयारण्यात आहोत हे जणू नव्याने कळले. खरेदीखत, रस्ता, कालवा, कारखाना, प्रत्येक कामात ‘अभयारण्य’ हा शब्द आडवा येऊ लागला. ज्या पक्ष्याला गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या रानात पाहिले होते, त्याच्याकडे ‘जमीन अडवणारा’ म्हणून पाहिले जाऊ लागले. माझ्या मते त्या पक्ष्याचे याहून मोठे नुकसान कोणत्याही शिकाऱ्याने केलेले नाही.

२००० साली सर्वोच्च न्यायालयाचे आणखी दोन आदेश आले. फेब्रुवारीतील आदेशाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून वाळलेली, पडलेली झाडे आणि गवतसुद्धा काढून नेण्यास मनाई झाली. लाकूडतोडीला आळा घालण्याचा हेतू रास्त होता, पण हा नियम ज्या अभयारण्याचे सारे जीवनच गवतावर आहे त्यालाही लागू झाला. नोव्हेंबरमधील आदेशाने न्यायालयाच्या संमतीवाचून कोणत्याही अभयारण्याचे आरक्षण उठवू नये असे बजावले. आखणी बदलण्याचा विषय त्यामुळे राज्य सरकारच्या हातात एकट्याने राहिला नाही.

गवताबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी ऐन भाद्रपदात मार्डीच्या शिवारात एका मेंढपाळ आजोबांशी बोलणे झाले होते. त्यांनी वाकून कुसळीचे एक ताट उपटले, तिची अजून हिरवी असलेली, पीळ न पडलेली कुसळे बोटांनी मोकळी करून दाखवली आणि म्हणाले, “ही अशी कवळी हाय तवर मेंढरांचं खांड फिरवून घ्यायचं. एकदा वाळली की लोकरीत घुसती, कातड्यात रुतती, मेंढरू झुरतं. आदी चारलं तर माळ पुन्यांदा फुटतो.” मग त्यांनी शेजारच्या चराईबंदीच्या तुकड्याकडे हात केला. तिथे गवत कमरेच्या वर गेले होते आणि त्यात गिरिपुष्पाच्या झाडांचे फोक उभे राहिले होते. चराईने माळ उजाड होतो हे खरे आहे, १९७२ नंतरच्या बंदीने गवत परत आले हेही खरे आहे. पण कधी चारायचे, किती दिवस चारायचे आणि कोणता तुकडा वर्षभर मोकळा सोडायचा, हे ज्ञान ज्यांच्यापाशी होते त्यांना बंदीच्या नियमात केवळ गुन्हेगार म्हणून जागा मिळाली.

अभयारण्याचे क्षेत्र कमी करण्याची मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरली, समित्या नेमल्या गेल्या, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनंतर ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले, म्हणजे मूळ क्षेत्राच्या साधारण एक सप्तमांश. गावांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो समजण्यासारखा आहे. मात्र या साऱ्या वर्षांत चर्चा फक्त रेष कुठे असावी याचीच झाली. रेषेच्या आतल्या शेतकऱ्याने हुलगा-करडई घेत राहावी यासाठी त्याला काय द्यायचे, मेंढपाळाशी कोणता करार करायचा, हा विषय कोणत्याही टप्प्यावर मुख्य झाला नाही. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात समुदाय राखीव क्षेत्राची सोय आली होती, ज्यात खासगी व सामूहिक जमिनीचे मालक स्वतःहून सहभागी होऊन व्यवस्थापन समितीत बसू शकतात. पंचायतींचे प्रतिनिधी असलेल्या सल्लागार समितीची तरतूदही त्याच दुरुस्तीतली. माळढोकसारख्या, खासगी शेतांतून फिरणाऱ्या पक्ष्यासाठी याहून सोयीचे साधन कायद्यात दुसरे नव्हते.

राज्यात अन्यत्र लोकसहभाग दुसऱ्या वाटेने आला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने स्थानिकांच्या गरजांना अग्रक्रम दिला, १ जून १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकाने संयुक्त वनव्यवस्थापनाची, म्हणजे वनखाते आणि गाव यांनी मिळून वन सांभाळण्याची, चौकट घातली, १९९२ मध्ये महाराष्ट्राने आपला शासन निर्णय काढला, आणि २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेतून चांगल्या समित्यांना पुरस्कार मिळू लागले. सोलापुरातही समित्या झाल्या. पण या चौकटीत ‘सहभाग’ या शब्दाचा अर्थ बहुधा राखण, श्रमदान आणि रोपे जगवणे एवढाच राहिला. नियोजनाचा आराखडा वरून येई. कारभार आणि सहभाग हे दोन शब्द आपण मराठीत सहज एकापाठोपाठ एक वापरतो, पण त्यांच्यातले अंतर मोठे आहे.

ते अंतर २००६ च्या वनहक्क कायद्याने प्रथमच ओलांडले. सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क ठरला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या गावाच्या हाती बांबूच्या वाहतुकीचा परवानाही आला. सोलापूरला ही वाट अरुंद आहे. जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नसल्याने पेसा, म्हणजे अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू नाही. वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, तो धनगर वाड्यांसाठीच लिहिला असावा असे वाटते. परंतु धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नसल्यामुळे त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. पावसाळ्यात एका माळावर आणि उन्हाळ्यात दुसऱ्या तालुक्यात असणाऱ्या कुटुंबाकडे तो कोणत्या दप्तरात सापडणार?

यात भर पडते ती ‘पडीक’ या शब्दाची. सरकारी नकाशांत माळरानाची गणना पडीक जमिनीत होत आली आहे आणि पडीक म्हटले की ती भरून काढण्याची घाई होते. म्हणूनच माळावर सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावले गेले. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी असे वृक्षलागवडीचे संकल्प केले. गावे उत्साहाने खड्डे खणायला उतरली. सहभाग मोठा होता, यात शंका नाही. पण माळावर खणलेला प्रत्येक खड्डा माळढोकाची, धाविक पक्ष्याची आणि काळविटाची मोकळी जागा कमी करतो, हे त्या गावांना सांगितले गेले नव्हते.

दरम्यान शिवार बदलत गेले. उजनी धरणाचे पाणी आले, ऊस वाढला, आणि खुद्द नान्नज द्राक्षासाठी नावाजले गेले. सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणे याच गावची. द्राक्षबागेच्या तारा आणि मांडवात माळढोक उतरू शकत नाही, परंतु बाग लावणाऱ्याला दोष देण्याचे काही कारण नाही, कारण कोरडवाहू राहण्याचा मोबदला त्याला कोणी देऊ केला नव्हता. आज देशभरात हा पक्षी दीडशेच्या आत उरला आहे, त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत, आणि नान्नजला एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

‘वन’ म्हणजे काय, हा वाद अजून चालूच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या निकालाने शब्दकोशातील अर्थाने जे वन, ते वन, असे ठरले. वनसंवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ती व्याप्ती नोंदलेल्या वनांपुरती आखडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तूर्त जुनाच अर्थ चालू ठेवण्यास सांगितले. दोन्हींपैकी कोणत्या व्याख्येत गायरानातला गवताळ माळ बसतो, याचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात एक आणि वनरक्षकाच्या नकाशात दुसरे मिळते. जैवविविधता कायद्याखाली गावोगावी व्यवस्थापन समित्या झाल्या आहेत आणि लोक जैवविविधता नोंदवह्याही तयार झाल्या आहेत. पवन्या, मारवेल, कुसळी कोणत्या महिन्यात चारावी आणि कोणत्या महिन्यात राखावी, हे त्या नोंदवहीत लिहिण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आजही आहे. त्यासाठी नवी अधिसूचना लागत नाही. मार्डीच्या त्या आजोबांसारख्यांना सभेला बोलवावे लागते, आणि तेही मेंढरे गावच्या माळावर असतात त्या पावसाळ्याच्या महिन्यांत.